वेगळं ताट

आई, बाबांना परवा ल्युटेशियम दिलं. त्यांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय आणि नेहमीच्या औषधांनी हात टेकले. हे औषध अणुभट्टीत तयार होतं, शिरेतून देतात, मग ते कॅन्सरच्या पेशी शोधून त्यांना चिकटतं. त्याचे मारक किरण तांदळाच्या दाण्याएवढंही अंतर जात नाहीत. दुसरे थोडे किरण मात्र अंगाबाहेर पडतात, म्हणून लेकराबाळांपासून काही दिवस दूर राहावं लागतं. ते कोणाच्या अंगातून किती लवकर ओसरतात हे मोजणं माझं काम. सगळ्यांना एकच डोस आणि सारखीच शिक्षा मला पटत नाही. माणूस बघून हिशोब करता यावा, असं आमचं संशोधन आहे. ते मी का निवडलं, हे तुला सांगायला नको.

बाबांनी आधी साफ नकार दिला होता. सिंदी मेघे गावातल्या घरी मी त्यांना समजावत होते, की खोली वेगळी, ताट वेगळं, नातीला मांडीवर घ्यायचं नाही. ताट म्हटल्याबरोबर ते उठले. "मले नाई पायजे तुहं औषध," म्हणाले, "वेगळ्या ताटात जेवून जगाचं नाई मले."

आणि मला केळझरच्या आपल्या जुन्या घराची ओसरी दिसली. तू नागपूरहून कॅन्सरवरचा किरणांचा शेक घेऊन एस्टीने आली आहेस, गळ्याखाली जांभळ्या शाईच्या रेघा आहेत. दवाखान्याच्या वॉर्डातल्या कोणीतरी बाबांच्या मनात भरवलंय, की शेक अंगात राहतो आणि पोरांना बाधतो. माझ्या आजोबांना गावात वेगळ्या कपात चहा मिळायचा, म्हणून आपल्या घरात बाबांनी कोणाचं भांडं कधी वेगळं ठेवलं नव्हतं. तुझं ठेवलं. माझ्यासाठी ठेवलं. तू कोपऱ्यात सांबाराची जुडी निवडत बसतेस, मी धावत येते आणि तू हात वर करतेस. "तिथूनच बोल, बाई." मला तुझा फार राग यायचा. तो राग जायच्या आत तू गेलीस.

पुढे एमएस्सीच्या वर्गात सरांनी सहज सांगितलं, की बाहेरून दिलेले किरण मशीन बंद झालं की संपतात, अंगात काही उरत नाही. मी वर्गातून उठून नळावर जाऊन तोंड धुतलं. घरी कोणाला काही बोलले नाही.

नकार देऊन झाल्यावर बाबा खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुह्या आईले दूर बसवलं मी. ते तरी बरोबर व्हतं का?"

शेक घेतलेल्या पेशंटला पडवीत झोपवणाऱ्या नातेवाइकांना हा फरक मी रोज सांगते, कधी कधी रागावूनही. त्या दिवशी म्हटलं, "हो बाबा. तवा लागतच होतं तसं."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, कोणतं ताट घेऊ.

आता ते समोरच्या खोलीत असतात. माझी मुलगी दारातून त्यांना शाळेतलं सांगते, ती उंबरा ओलांडायला लागली की ते हात वर करतात, अगदी तुझ्यासारखा. जेवतातही नीट. औषध लागू पडेल का, ते पुढच्या स्कॅनमध्ये कळेल.

बाबा हाती लागेल तो कागद वाचतात, म्हणून हा मी फाडणार आहे. त्यांना वाचवताना मी तुझ्याबद्दल खोटं बोलले, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा बोलेन. पण तुझ्या अंगात काही नव्हतं, आई. मला मांडीवर घेतलं असतंस तरी चाललं असतं.