दादाकडे राहिलेली जुळणी

३ मार्च
होनोलुलूहून मोलोकाई बेटावर, माहेरी पोचले. वहिनी विमानतळावर आली होती. "पाणीसुद्धा गिळवत नाही गं त्याला," म्हणाली. केआवेदादा ओळखू येईना! नुसती हाडं.

४ मार्च
विचारायचं धाडस झालं नाही.
बाबा गिटार खाली ठेवण्याआधी सगळ्या तारा ढिल्या करायचे – त्या कशा लावल्यात ते कुणाला कळू नये म्हणून. इथे घराघराची तारा लावायची रीत, जुळणी, वेगळी, आणि घरातच राहणारी. मी जवळ गेले की म्हणायचे, "पोरी, ते छोटं चार तारांचं उकुलेले घे, नाच शीक." दादाला मात्र समोर बसवायचे. मी अंगणात तारोचे कंद सोलत कान देऊन ऐकायची. कसला राग यायचा!
मग होनोलुलू. जन्म हॉटेलांत गाण्यात गेला – गळ्यात हार, तोंडावर हसू. पाहुणे जेवत असायचे. गिटार शिकले ती ऐकून ऐकूनच. बाबांनी आईवर रचलेलं गाणं तेवढं कधीच बसलं नाही. खालच्या तारा किती उतरवायच्या, तेच सापडत नाही.

५ मार्च
विचारलं.
"दादा, बाबांची जुळणी सांग ना."
"शब्द दिलाय, पुआ."
"अरे, बाबा जाऊन किती वर्षं झाली! मूलबाळ नाही तुला. कुणासाठी राखतोयस?"
"पुआ, पुरे!" वहिनी ओरडली.
दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

६ मार्च
तारोच्या कंदांची पातळ पोई बोटाने थोडी भरवली. ओठांवरच राहिली. माझी गिटार त्याच्याजवळ नेली, तर म्हणाला, "ने ती इथून." बस्स.

९ मार्च
दादा गेला. पहाटे.

११ मार्च
माती दिली. चर्चबाहेर जो तो तेच म्हणत होता – "बापाची विद्या घेऊन गेला." मला रडू येईना. मनात एकच – मलाही नाही दिलीस, दादा. इतकी परकी होते?
आता वाजवायचं तरी काय! परत जाऊन गिटार विकून टाकेन.

१२ मार्च
वहिनी भांडी घासता घासता म्हणाली, "त्याला येतच नव्हती गं ती जुळणी. मामंजी त्याला समोर बसवायचे, पण तारा लावताना पाठ फिरवून बसायचे. 'अजून लायक नाहीस' म्हणायचे. तसेच गेले. हा लाजेपायी जन्मभर म्हणत राहिला – शब्द दिलाय."
दादा! वेड्या! एकदा बोलायचंस रे. दोघांनी मिळून शोधली असती.