आजारी लोड

अण्णा, बेंबळीच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही दिवसभर डॉक्टरांच्या हाताखाली राबायचात आणि घरी माझा दवाखाना तुमची वाट बघत असायचा. माझ्याकडं पेशंट एकच, बैठकीतला लोड. ती माझी म्हैस. कापूस ठासून भरलेला, त्यामुळं तिचं पोट बारा महिने फुगलेलं. चहा पुढं आला तरी तुम्ही आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचात, मग उकिडवे बसून तिच्या पोटाला कान लावायचात. चारा खाती का, विचारायचात. मी न्हाय म्हटलं की तुमचा चेहरा खरंच पडायचा. पोरांशी खेळताना मोठी माणसं एकमेकांकडं बघून हळूच हसतात ना, तसं तुम्ही एकदाही हसला नाहीत.

आत्याला बघायला नळदुर्गचे पाव्हणे आले, तो दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. आई लोड उचलायला आली आणि मी त्याच्यावर आडवी पडले. आईचंही बरोबरच होतं, पाव्हण्यांना टेकायला लोड नाही म्हणजे केवढी नामुष्की. तुम्ही आलात, हात धुतलेत, कान लावलात आणि आईला म्हणालात, "आज हलवायची न्हाय तिला. पोट उतरू दे." पाव्हणे दारात आन् तुमाला म्हैस सुचतीय व्हय, म्हणून आई लई बोलली. तुम्ही बाहेर जाऊन मुलाच्या आजोबांना सरळ सांगताय, लोड आजारी आहे, आज भिंतीलाच टेका. मी दाराआड, जीव मुठीत धरून. म्हातारा तुमच्याकडं बघत राहतो आणि विचारतो, "गोडेतेल पाजलं का?"

ती सोयरीक जमली नाही. कारण वेगळंच होतं, पण आईनं जन्मभर खापर म्हशीवर फोडलं. तुम्ही ऐकून घेतलंत. लोड द्यायला हवा होता, असं मात्र कधी म्हणाला नाहीत. केवढी छाती लागते हो त्याला! मला ते आत्ता कळतंय.

तुम्ही न पाहिलेली तुमची नात आता साडेचार वर्षांची आहे. गेल्या रविवारी ह्यांच्या ऑफिसातली माणसं जेवायला यायची होती आणि तिची शेळी, म्हणजे उशी, सोफ्यावर आजारी पडलेली. मी ती उचलली, झटकली आणि कपाटात कोंबली. पुरे झाले चाळे, मीच म्हणाले. मी, तुमची लेक! पोरगी रडली असती तर बरं झालं असतं. आठ दिवस झाले, खेळतच नाही. टीव्ही लावला तर बघते, बंद केला तर गप्प बसते. आज सकाळी मी उशी बाहेर काढली, फरशीवर ठेवली, कान लावला आणि विचारलं, शेळी चारा खाती का गं? ती माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, ती उशी आहे."

अण्णा, तेव्हापासून उशीशेजारीच हे लिहीत बसलेय, दुसरं काही सुचेना. आत्ता ती आली. जरा लांबच उकिडवी बसली. आधी उशीकडं बघितलं, मग माझ्या हातांकडं.

"तू हात धुतलेस का?"

तुमची गोष्ट मीच कधीतरी तिला सांगितली असणार. कागद इथंच ठेवून मोरीत जाते. खरं सांगते अण्णा, नव्हते धुतले.