डबीतली बारीक मोहरी

महाड,
माघ वद्य पंचमी, शके १८५८

सौ. प्रयागबाई हीस चंद्रभागेचा सप्रेम नमस्कार.

तुझा दमा, तुझी सूनबाई आणि तुझे महिला वाचनालय ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. माझे गुडघे पूर्वीइतकेच हट्टी. ते वगळता क्षेम.

गेल्या वर्षी तू ठेवून गेलेल्या माशांना पिल्ले झाल्याचे कळवले, तेव्हा वाटले, तू बघायला येशील. आली ती पार्सलाने डबी. (तुझा मुलगा बोटीवर नोकरीला असल्याने अमेरिकेच्या मिठागरातल्या किड्यांची अंडीसुद्धा महाडला पोचतात, मुंबईची बाई पोचत नाही.) असो. तू लिहिल्याप्रमाणे बरणीत मिठाचे पाणी केले, चिमूटभर तपकिरी पूड टाकली आणि बरणी उन्हाच्या खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या धुळीतून लालसर ठिपके निघून उजेडाच्या बाजूला नाचू लागले. मलमलीतून गाळून पिल्लांना घातले, तर ती अशी तुटून पडली की मला आपल्या वसतिगृहातली रविवारची पंगत आठवली. ही अंडी वर्षानुवर्षे कोरडी पडून राहतात तरी जिवंत असतात, याचे तुला फार नवल वाटलेले दिसते. मला वाटले नाही.

उरलेली डबी मी फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. मग शेजारच्या तुळजाबाई आल्या, काचेला नाक लावून "कित्ती गो ही पोरं!" म्हणाल्या, आणि संध्याकाळी एक पिल्लू उताणे तरंगले. आमची ठमाबाई (शिवथरची, घरकाम करते आणि फावल्या वेळात मला वळण लावते) हे सारे बघत होती. दुसऱ्या दिवशी मी शाळेत शिकवायला गेल्यावर मात्र तिने दृष्ट काढायला मूठभर मीठ घेतले, मोहरी समजून शेजारची डबी घेतली, माशांवरून ओवाळले आणि सगळे चुलीत टाकले.

परत आले तो घरभर जळक्या सुकटीचा वास.

"नजर जबर होती, बाय. मव्हरी तडतडली नाय. वास सुटला तो मासळीचा. नजर मासळीला लागलेली, दुसरा कशाचा येनार?"

तर्कशास्त्रात पहिली आलेली मी चुलीपुढे उभी राहून त्यात खोट शोधत राहिले. वर तिनेच विचारले, "येवढी बारीक मव्हरी दिली कोनी गो?"

मैत्रिणीने, म्हटले.

"मंग ती येत का नाय?"

हे आपल्याला कॉलेजात शिकवले नव्हते.

तेव्हा दुसरी डबी तातडीने हवी. पिल्लांचा जीव तिच्यावर आहे. तुझ्याकडच्या थोरांना नमस्कार, लहानांना अभ्यास.

तुझी
चंद्रभागा

ता. क. डबी टपालाने पाठवू नये. अंडी दमट होतात. (पहिली नीट आली, तो योगायोग.) जाणत्या माणसाच्या हातीच यावी, आणि पावसाळ्यात दासगावची बोट बंद होण्यापूर्वी.

आणखी ता. क. ठमाबाई हल्ली विहिरीजवळच्या डबक्यातल्या डासांच्या अळ्या पिल्लांना घालते. ती आवडीने खातात आणि चांगली गुटगुटीत झाली आहेत. डबी मिळाली नाही, तर रिकाम्या हाताने ये.