न ऐकलेले बावन्न सेकंद

३ जून, सोमवार

आले एकदाची! नवं गाव, नवी खोली, नवी वही. नळाला पाणी भरपूर आहे आणि घरमालकीण बोलकी असली तरी समोरच्याने ऐकलंच पाहिजे असा तिचा आग्रह नाही. आणखी काय हवं?

कामाची जागा तर त्याहून झकास. गाण्यांच्या कार्यक्रमात मागच्या मोठ्या पडद्यावर जी हलती चित्रं दिसतात, ती इथे तयार होतात. सॉफ्टवेअरमध्ये गाणं टाकायचं. आवाज चढला की चित्र फुगतं, उतरला की मिटतं. दहा वर्षं मी औषधांच्या खोक्यांवरची लेबलं आखली. ती कधी जागची हलली नाहीत, त्यामुळे मला याचं भलतंच अप्रूप.

शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी मला स्वतंत्र खोली दिली, भिंतींना जाड फोम लावलेली. दार लावलं की आतला आवाज बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. खुंटीला माझी निळी पिशवी लावली आणि खोली माझी झाली. ताईशी भांडायला अशी खोली मिळाली असती तर शेजाऱ्यांची करमणूक बुडाली असती.

ताईला जाऊन चार महिने होत आले. हे लिहायचं नव्हतं, पण लिहून झालं.

५ जून, बुधवार

पहिला धडा वर्तुळाचा. आवाजाने चित्र किती हलावं, याच्या पट्टीवर मी उत्साहाने सगळंच टोकाला नेलं आणि वर्तुळ पडद्याबाहेर निघून गेलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि पट्टी परत मधोमध आणली.

त्यांची एक अजब पद्धत आहे. नवशिक्याने आवाज बंद ठेवूनच काम करायचं. त्यांचं म्हणणं, कान मदतीला आले की डोळे आळशी होतात. मुक्यानेही चित्र बोललं तरच ते जमलं. सरावासाठी त्यांनी फोनमध्ये असतील ते सगळे आवाज आणायला सांगितले. मी अख्खा फोन कॉम्प्युटरमध्ये ओतला. गाणी, कुकरची शिट्टी, घरमालकिणीचं घोरणंसुद्धा. सगळ्यांना नावाऐवजी नुसते आकडे पडले.

८ जून, शनिवार

आज जमलं! डोळे मिटून एक आकडा उचलला. वर्तुळ दोनदा हलकंसं फुगलं, अडलं, मग एकदम मोठं झालं. पुन्हा दोन लहान, अडणं, एक मोठं. मला वाटलं बासरी असावी. फिकट निळा रंग दिला, कडा मऊ केल्या.

मास्तर मागे कितीतरी वेळ उभे होते. म्हणाले, हे तुमचं पहिलं जिवंत काम. बावीस तारखेच्या कार्यक्रमाची सुरुवात याच वर्तुळाने होणार! मी लगेच आईला फोन करून बोलावलं. चार महिन्यांनी ती पहिल्यांदा हसली.

११ जून, मंगळवार

कार्यक्रमाच्या पाटीवर वाद्याचं नाव द्यायचं होतं, म्हणून फाइलची माहिती उघडली.

बारा फेब्रुवारी. दुपारी चार अठ्ठावीस. बावन्न सेकंद.

तो ताईने पाठवलेला आवाज आहे.

त्या दिवशी तिने मला तीन फोन केले होते. ताईचा फोन म्हणजे अर्धा तास जिना, शेजारीण आणि गुडघे. मी कामात होते, वैतागले होते, तिन्ही वेळा कापला. मग तिने हे पाठवलं. नंतर ऐकू म्हटलं. सहा वाजता शेजाऱ्यांनी दार तोडलं. दम्याचा झटका आला तेव्हा घरात ती एकटीच होती.

आईने सगळ्यांसमोर विचारलं, तुला फोन केला होता का गं तिने? मी नाही म्हणाले. तोंडातून निघून गेलं आणि मग परत घेता आलं नाही. ते बावन्न सेकंद मी अजून ऐकलेले नाहीत.

आज मास्तरांकडे जाऊन दुसरं काहीतरी घ्या म्हणायला हवं होतं. नाही गेले. मला ते कौतुक हवं होतं. लाज वाटते, पण हवं होतं.

१४ जून, शुक्रवार

फाइल बावन्नला संपते. वर्तुळ अठ्ठावन्नपर्यंत चाललं. आवाज थांबल्यावर चित्र हळूहळू निवावं अशी एक सोय असते, ती शून्यावर आणली. मग ते सत्तरपर्यंत चाललं.

मास्तरांना बोलावलं. त्यांच्यासमोर गुणी बाळासारखं बावन्नला थांबलं. त्यांनी मला दोन दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं.

१७ जून, सोमवार

दुसरं गाणं लावलं. ढोल. दोन लहान, अडणं, एक मोठं.

आवाजाची वायर काढली. तेच.

पाणी प्यायला उठले तेव्हा थांबलं. परत येऊन बसले — सुरू.

१९ जून, बुधवार

फाइल पुसून टाकली. पडद्यावर वर्तुळ आहेच. मास्तर म्हणाले, माझ्याकडे प्रत ठेवली आहे, काळजी करू नका. मला रडू आलं.

जिना चढताना मला धाप लागते आहे. मला दमा नाही. कधीच नव्हता.

२२ जून, शनिवार. सकाळी अकरा

आई आली. मास्तरांनी कौतुकाने तिला माझ्या खोलीत बसवलं, आवाज बंद ठेवून आपल्याकडच्या प्रतीवरून वर्तुळ लावलं आणि हॉलवर गेले. आईचा हात स्वतःच्या छातीवर गेला.

म्हणाली, ही ताई आहे. लहानपणापासून उशाशी बसून तिची छाती बघत आले, मला ऐकायची गरज नाही. मग विचारलं, हे तुझ्याकडे कधी आलं?

मी म्हणाले, माहीत नाही. पुन्हा खोटं. तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

साडेअकरा

हेडफोन घातले. ऐकलं.

ती चिडलेली नाही. आधी हेच कळलं, आणि तेच सोसवत नाही. थांबत थांबत म्हणते, अगं, माझा दम्याचा पंप रविवारी तुझ्या निळ्या पिशवीत राहिला का? बाजूच्या कप्प्यात बघ ना. कामात असशील तर राहू दे — पण बघ —

पिशवीचा कप्पा उघडला.

आहे. चार महिने माझ्या खांद्यावर होता. हलवून पाहिला. भरलेला.

बावन्न. त्रेपन्न. चोपन्न —

ती थांबलेली नाही. म्हणते, आई बाहेर उभी आहे. तिला सांग —

श्वास — दोन लहान. अडतो. वर्तुळ माझ्याबरोबर चाललं आहे — की मी त्याच्या —

पंप हातात आहे. तोंडाशी नेववत नाही. हा तिचा आहे.

दाराची मूठ हलली. आई काही म्हणत असेल, आवाज आत येत नाही. पुन्हा हलली.

तिसऱ्यांदा —

उठते. कडी चार पावलांवर — आई, तिने फोन केला होता — तीन वेळा — मीच तो