शाळूची अठ्ठावन्नावी बॅच

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

लोणी! म्हणे आमच्या बिअरला लोण्याचा वास येतो!

पुण्याच्या बारमधून सकाळी सकाळी करणला फोन. "या वेळची शाळू पहिल्यासारखी लागत नाही. गिऱ्हाईक अर्धा ग्लास ठेवून उठतंय." कंपनी करणची, पण बिअर बनवते मी. त्यामुळे फोन ठेवला आणि तडक माझ्या टेबलापाशी. मी म्हटलं, त्यांनी ग्लास नीट धुतले नसतील.

अठ्ठावन्न बॅचा झाल्या शाळूच्या. ज्वारीची बिअर करायची कल्पना माझी, कृती माझी, बंगळुरूच्या बिअर-स्पर्धेचं पदक माझ्या नावावर. एकही बॅच बिघडलेली नाही. आता कशी बिघडेल?

४ फेब्रुवारी

चाखली. लोणीच आहे. जिभेवर बुळबुळीत राहतं. बारवाल्याची मनातल्या मनात माफी मागितली.

ठीक आहे. कारण असणारच, आणि ते मला सापडणारच. पाण्याचा रिपोर्ट नेहमीचाच. कडवटपणासाठीचे हॉप्स त्याच खोक्यातले. यीस्ट ताजं. मग उरलं काय? ज्वारी! पारनेरची जुनी संपत आली म्हणून डिसेंबरात जामखेडची आणली. पहिल्यांदा वापरली ती याच बॅचला.

सापडला चोर.

५ फेब्रुवारी

दोन छोट्या पिंपांत वीस-वीस लिटर लावली. एकात जुनी ज्वारी, एकात नवी. बाकी सगळं सारखं. सहा दिवस आंबवायचं, मग गार करायचं — माझ्या कृतीत आहे तसंच. करणला सांगून टाकलं, पुढच्या आठवड्यात ज्वारीवाल्याला नमुना परत पाठवू.

७ फेब्रुवारी

करणने आज सहादेवमामांचा विषय काढला. मामा म्हणजे आमच्या टाक्यांचे कारभारी. धुणं, झडपा, बिअर गार करणं, वहीत नोंदी. पहिल्या दिवसापासून आहेत. १७ जानेवारीला हंग्याच्या फाट्यावर मोटारसायकलवरून पडले, डोक्याला टाके पडले. तेव्हापासून घरीच. त्यांचं काम मीच करतेय.

"वय झालंय त्यांचं. परत येऊन जमेल का? आयटीआय झालेला एक जण आहे, त्याला घेऊ का?"

मी म्हटलं, "घे की. झडप फिरवायला कोणीही चालेल."

११ फेब्रुवारी

एकोणसाठावी बॅच लावली. जुनी ज्वारी होती नव्हती तेवढी सगळी हिच्यातच घातली. पिंपं गार करायला ठेवली. निकाल गुरुवारी. मला तो आत्ताच माहीत आहे!

१३ फेब्रुवारी

दोन्ही पिंपांत लोणी.

नव्या ज्वारीच्या. जुनीच्याही.

ग्लासांची अदलाबदल करून पूजाला चाखायला दिले. ती हिशेब बघते, बिअरला तोंड लावत नाही, पण वास तरी घे म्हटलं. दोन्ही ग्लास हुंगून म्हणाली, "हे काय, ताक घुसळलंय का?"

जामखेडच्या त्या शेतकऱ्याला उगाच चोर ठरवलं. नमुना पाठवला नव्हता ते बरं झालं.

१४ फेब्रुवारी

दिवसभर मामांच्या वह्या चाळल्या. प्रत्येक बॅच, त्यांच्या गोल अक्षरात: सहावा दिवस, गार केली. सहावा दिवस, गार केली. म्हणजे मी केलं तेच. मग माझीच तेवढी का बिघडावी?

मग सुचलं. गार करायच्या मशीनच्या पॅनेलमध्ये तापमानाच्या नोंदी आपोआप साठतात. कधी कोणी उघडून बघितलेलं नाही. मी उघडलं.

सत्तावन्नावी — आठव्या दिवशी गार झालेली. छप्पन्नावी — साडेसातव्या. त्रेपन्नावी तर नवव्या! सहाव्या दिवशी गार केलेली सगळ्या यादीत एकच. अठ्ठावन्नावी. माझी.

मामांनी वहीत खोटं लिहिलं? इतकी वर्षं?

१६ फेब्रुवारी, रविवार

चर्चमधल्या उपासनेनंतर मामांच्या गावी, हंग्याला गेले. कुठे चाललीस, असं पप्पांनी विचारलं नाही. बिअरचं काम म्हटलं की त्यांना जरा कमी ऐकू येतं.

मामा ओट्यावर बसले होते. डोक्यावर टोपी नाही, टाक्यांचा व्रण दिसत होता. भागूबाई मामींनी चहा ठेवला. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. पॅनेलचे फोटो समोर धरले आणि विचारलं, "मामा, हे काय?"

त्यांनी फोटोकडे बघितलंच नाही. "वास गेल्याबिगर गार करायचं न्हाई, ताई."

"कुठला वास?"

"लोन्याचा. सहाव्या दिशी असतोच त्यो. गिलासात घ्यायची, गिलास गरम पान्यात धरायचा. गरम झाली की वास वर येतो. आला तर थांबायचं. कवा दोन दिस, कवा तीन."

गरम पाण्याची ती बादली मी रोज बघायचे. मला वाटायचं, ग्लास धुतायत!

बरोबर आहे त्यांचं. पुस्तकात मीही वाचलंय. हा लोण्याचा वास यीस्टच तयार करतं आणि शेवटी यीस्टच खाऊन टाकतं. मध्येच गार केलं की ते झोपतं, वास तसाच राहतो. उन्हाळ्यात लवकर आंबलेल्या पहिल्या छोट्या पिंपावर मी सहा दिवस ठरवले आणि पुन्हा कधी तपासलेच नाहीत. बॅचा चांगल्या निघत होत्या ना!

"तुम्हाला कोणी शिकवलं?"

"पयल्याच बॅचला मशीन बंद पडलं हुतं, दोन दिस. तेवढ्यात वास गेला. ती बॅच तुमी लई नावाजली. मंग मी तसंच चालू ठिवलं."

तीच बॅच बंगळुरूला गेली होती. पदकाची.

"मग वहीत सहावा दिवस का लिहिलात?"

मामांनी कप तोंडाला लावला. मामीच बोलल्या, "कागदात सहावा हाय म्हनायचे. शिकल्याल्या बाईला चूक कशी दाखवायची, म्हनून लिवायचे."

चहा संपेपर्यंत मी मान वर केली नाही.

१७ फेब्रुवारी

करणला सगळं सांगितलं. लपवायचं काय त्यात! माझ्या कृतीबरहुकूम बनलेली पहिली आणि एकुलती एक बॅच म्हणजे अठ्ठावन्नावी. आणि तीच पिण्यालायक नाही.

तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, "म्हणजे पदक कोणाचं?"

"निम्मं तरी त्यांचं. आणि त्या आयटीआयवाल्याला नाही म्हणून कळव."

"अगं, तूच तर —"

"मीच म्हणाले होते. आता मीच नको म्हणतेय."

कळवलं त्याने. मामांना उद्या आणायला गाडी पाठवतेय. आज एकोणसाठाव्या बॅचचा सहावा दिवस. गार केलेली नाही. ही सुधारणार! पुण्याला तसं सांगूनही टाकलं.

१८ फेब्रुवारी

मामा आले. ग्लास गरम पाण्यात धरला, नाकाशी नेला, पुन्हा नेला. मग माझ्या हातात दिला. "ताई, मला कायच येत न्हाई. पडल्यापासनं चहाचा बी वास न्हाई." मी वास घेतला. लोणी होतं. मी म्हटलं, "थांबायचं, मामा," तर त्यांनी वही उघडली आणि लिहिलं — सातवा दिवस, ताई थांब म्हणाल्या.