फेरीवाल्याचं पान

४ फेब्रुवारी

लायब्ररीत ते पुस्तक सापडलं! लहानपणी बाबा मांडीवर घेऊन वाचायचे ते – डोळे जर्मनवर, तोंडाने मराठी. प्रबंधासाठी नव्हे, नुसतं सोबतीला आणलंय. या खोलीत बोलायला दुसरं आहे कोण?

५ फेब्रुवारी

गोष्टीत एक यहुदी फेरीवाला आहे. थंडीत दार ठोठावतो. बाबांच्या गोष्टीत घरची बाई म्हणायची, "या, आत या. पान मांडलंय तुमचं." पुस्तकात त्याच्यावर कुत्री सोडतात – आणि अख्खं गाव हसतं!

लेखक त्याला कुठेही वाईट म्हणत नाही. फक्त त्याचं व्याकरण मोडतो. गुराखीसुद्धा शुद्ध बोलतो, याचीच क्रियापदं भलत्या जागी. त्याने तोंड उघडलं की वाचकाने हसायचं. जर्मन साहित्यातला ज्यूद्वेष शोधत मी जाडजूड कादंबऱ्या धुंडाळतेय, आणि तो माझ्या अंथरुणात होता.

बाबांनी मला हे ऐकवलं? मीही हसले होते?

९ फेब्रुवारी

मार्गदर्शक बाईंना दाखवलं. "बालकथा आहे गं ती. साप साप म्हणून भुई धोपटू नकोस." बाबांच्या गोष्टीत त्याचं पान मांडलेलं असायचं, तेही सांगितलं. "लहानपणची आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

खरंय त्यांचं. माझं मनच गोष्ट गोड करून बसलं असेल. बाबांना विचारावं, तर झटका आल्यापासून त्यांची वाचा गेलेली. भांडू कुणाशी? भिंतीशी? इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

१० फेब्रुवारी

बाबांवर राग. जेवले नाही.

१४ फेब्रुवारी

दादाला फोन केला. बाबा त्याच्याकडेच असतात. त्याला ना कुत्री आठवतात, ना पान. "गोष्ट ऐकायचं कोण? मी तर घोरायचो. पण ऐन रंगात आली की बाबा थांबून पाणी प्यायचे आणि तू पाय आपटायचीस, तेवढं आठवतंय."

पुस्तक घेऊन जातेच.

१८ फेब्रुवारी

बाबांच्या उशाशी बसून वाचलं, अगदी त्यांच्यासारखं. फेरीवाल्याने दार ठोठावलं आणि बाबांनी बरा असलेला हात पेल्याकडे नेला. मी पाणी दिलं. प्यायले नाहीत. पेला ओठांशी धरून माझ्याकडे बघत राहिले.

म्हणजे पाणी पिता पिता ते पुढची गोष्ट बदलायचे. इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाही!

मी पुस्तक मिटलं. म्हटलं, "या, आत या. पान मांडलंय तुमचं."

तेव्हा बाबा पाणी प्यायले.