बारवेतलं कोरडं घड्याळ

मुरुम, जून १९४८

प्रिय सिद्धेश्वर,

हे पत्र तुझ्या सोलापूरच्या मामांकडं धाडतोय. तुला माती देऊन महिना झाला. इरम्मावहिनींनी कुंकू पुसलं, आणि मी, तुझा घडीसाज दोस्त, चारचौघांत रडलो.

पोलीस ठाण्याचे लोक तुला गावोगाव शोधत होते, तेव्हाच लोहारा गावाच्या वाटेवरच्या बारवेत प्रेत सापडलं. बरेच दिवस पाण्यात राहून चेहरा ओळखू येत नव्हता. एक हात तेवढा पायरीवर, पाण्याबाहेर होता. त्या मनगटावर तू लढाईवरून आणलेलं घड्याळ होतं, आणि ते चालू होतं. काढणारे मागं सरले. कुणी म्हणालं, जीव घड्याळात अडकलाय. महालिंगप्पा पाटील म्हणाले, "विलायती माल हाय, ह्यात पाणी जात न्हाय." सगळ्यांना ते पटलं. तुझा शोध तिथंच थांबला.

वहिनींनी घड्याळ माझ्याकडं आणून दिलं. "भाऊ, ह्याची टिकटिक घरात ऐकवत न्हाय," म्हणाल्या. मी मागचं झाकण उघडलं. पाणी न जाण्याची हमी जन्माची नसते. आपल्याकडच्या उन्हानं आतली रबरी कडी वाळते, म्हणून दरसाल पावसाळ्याआधी ती माझ्याकडून बदलून घ्यावी लागते. पण दोन वर्षं तू फिरकला नव्हतास. कडी तडकली होती, बोट लावताच तुकडे पडले. बुडालेला माणूस आधी तळाशी जातो; त्याच्यासंगं ते घड्याळ बुडालं असतं तर घटकाभरात भरलं असतं. आत मात्र गंजाचा ठिपका नव्हता, काचेवर वाफ नव्हती. शिवाय किल्ली दिली की ते जेमतेम दीड दिवस चालतं. मेलेला माणूस किल्ली देत नाही. म्हणजे ते त्या मनगटावर तूच नंतर बांधलंस. तू जिवंत आहेस हे कळून मला आनंद व्हायला हवा होता. मी उठून दुकानाचं दार लावून घेतलं.

कुणाला बोललो नाही, वहिनींनाही नाही. पण लोहाऱ्याची द्वारकाबाई दर बाजारी दुकानात येते. तिचा नवरा धोंडीबा त्याच दिवसांत नाहीसा झालाय. घड्याळ मागून हातात घेते, म्हणते, "माझ्या धन्याकडं घड्याळ न्हवतं. म्हंजे बारवेतला त्यो न्हवं. व्हय ना, दादा?" मी व्हय म्हणतो. मग ती त्याच्यासाठी तंबाखू घ्यायला जाते. सिद्धू, तो माणूस कोण होता, आणि तुला भेटला तेव्हा तो मेलेलाच होता का, एवढं लिही.

तुझाच,
आयुब